एक मांडणी पुरत नाही: लॉजिक गेम्सच्या शेवटच्या परीक्षेचं एक प्रकरण

हे प्रकरण ज्या प्रश्नप्रकाराचं आहे, तो प्रकार आता त्या परीक्षेत उरलेला नाही. अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी द्यावी लागणारी एलसॅट. तिच्यातला 'अ‍ॅनालिटिकल रीझनिंग' हा विभाग, म्हणजे सगळे ज्याला लॉजिक गेम्स म्हणायचे तो, ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकला गेला. तरी लिहितो आहे, कारण क्रम लावण्याची आणि गट पाडण्याची कोडी आपल्याकडे बँकांच्या परीक्षांमध्ये अजून जोरात आहेत, आणि या विद्यार्थिनीची मूळ चूक तिथूनच तिच्यासोबत अमेरिकेत गेली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. गेम्स मी स्वतः रचलेले आहेत.

पार्श्वभूमी

ती तिशीतली. सातारा जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पुण्यात बी.ई. नंतर दोन वर्षं बँक पीओच्या परीक्षा. प्रिलिम दोनदा निघाली, मेन्सला अडकली. लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि तिथे एका इमिग्रेशन वकिलाच्या कचेरीत कागदपत्रं तयार करण्याचं काम चार वर्षं केलं. दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे करून करून कंटाळा आला, असं ती म्हणाली. २०२५च्या सत्रात लॉ स्कूलला प्रवेश हवा होता.

मी पुण्यात तर्काचे प्रश्न शिकवतो. आमचा तास तिच्या रात्री नऊला, मुलगी झोपल्यावर. म्हणजे माझ्याकडे सकाळी साडेसात. मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली आणि माझा तास साडेसहाला आला. पहिल्या आठवड्यात ती मला 'सर' आणि मी तिला 'तुम्ही' असं चाललं. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "सर, 'तुम्ही' म्हणून तुम्ही माझ्या चुका काढता तेव्हा फार लागतं." तेव्हापासून 'तू'.

त्या वेळची परीक्षा अशी होती: प्रत्येकी ३५ मिनिटांचे चार विभाग. त्यातले तीन गुणांसाठी (लॉजिकल रीझनिंग, म्हणजे छोट्या उताऱ्यांतले युक्तिवाद तपासणं, रीडिंग कॉम्प्रिहेन्शन आणि लॉजिक गेम्स), चौथा प्रायोगिक. तो या तीन प्रकारांपैकीच एखादा असायचा आणि कोणता विभाग प्रायोगिक आहे हे उमेदवाराला कळायचं नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अंतिम गुण १२० ते १८० या पट्टीवर. गेम्सच्या विभागात चार गेम्स आणि मिळून २३च्या आसपास प्रश्न, म्हणजे एका गेमला पावणेनऊ मिनिटं. प्रश्न संगणकाच्या पडद्यावर, आकृती कोऱ्या कागदावर.

जानेवारीतल्या पहिल्या सरावपत्रिकेत तिला १५१ मिळाले. लॉजिकल रीझनिंग बरं, वाचन मध्यम, गेम्समध्ये २३ पैकी ९. त्यातली निम्मी अंदाजपंचे, हे तिनेच सांगितलं.

अडचण काय होती

मला आधी वाटलं, वेग कमी आहे. ते चुकलं. तिचा वेग चांगला होता, कुठल्या कुठे पोचायची. म्हणून मी एक साधा गेम रचून दिला आणि कॅमेरा तिच्या कागदावर लावायला सांगितला.

एका मंडळाच्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी सात कार्यक्रम, एकापाठोपाठ एक: अभंग, कीर्तन, गोंधळ, नाट्यगीत, पोवाडा, भारूड, लावणी. नियम चार. कीर्तन पहिलं किंवा सातवं. अभंग चौथा. लावणी पोवाड्यानंतर केव्हातरी आणि गोंधळाच्या आधी केव्हातरी. गोंधळ संपला की लगेच भारूड.

(कीर्तन आणि लावणी एकाच संध्याकाळी कोण ठेवतं, हे तिने विचारलंच. मग स्वतःच म्हणाली, "आमच्या मंडळात ठेवतील, हॉल एकच दिवस मिळतो.")

चाळीस सेकंदांत तिने कागदावर लिहिलं: कीर्तन, पोवाडा, लावणी, अभंग, गोंधळ, भारूड, नाट्यगीत. चारही नियम पाळणारी, निर्दोष मांडणी. मग मी प्रश्न विचारला: खालीलपैकी कोणतं विधान खरं असलंच पाहिजे?

पहिला पर्याय, कीर्तन पहिलं आहे. दुसरा, लावणी अभंगाच्या आधी आहे. तिसरा, पोवाडा अभंगाच्या आधी आहे. चौथा, भारूड सहावं आहे. पाचवा, नाट्यगीत गोंधळाच्या आधी आहे.

ती आपल्या मांडणीकडे बघत राहिली. तिच्या कागदानुसार पहिले चारही पर्याय खरे होते. "सर, प्रश्न चुकलाय," ती म्हणाली. मी गप्प बसलो. शेवटी तिने चौथा पर्याय निवडला, कारण "तो जास्त नेमका वाटतो".

इथे मला उलगडा झाला. बँकेच्या परीक्षेतलं कोडं बहुधा असं बांधलेलं असतं की सगळ्या अटी लावल्या की एकच मांडणी उरते. आठ जण गोल टेबलाभोवती, कोण कोणाच्या डावीकडे. धागा धरून गेलं की शेवटी आठही खुर्च्या भरतात आणि त्या चित्रावरून पाचही प्रश्न सोडवायचे. तिथे शहाणपण म्हणजे ती एक मांडणी लवकर गाठणं. तिने दोन वर्षं तेच केलं होतं, चांगलं केलं होतं. एलसॅटचा गेम मुद्दाम अर्धवट मोकळा ठेवलेला असायचा. अटी पाळणाऱ्या मांडण्या अनेक असायच्या, आणि प्रश्न त्या सगळ्यांविषयी असायचा: सगळ्यांत काय सारखं आहे, एकीत तरी काय शक्य आहे, एकीतही काय शक्य नाही. ही विद्यार्थिनी नियमांत बसणारी पहिली मांडणी सापडली की तिलाच उत्तर समजून थांबत होती. नंतरचे प्रश्न त्या एका चित्रातून वाचत होती, आणि चित्र जुळेनासं झालं की दुसरं चित्र सुरू करत होती. एका गेमच्या पाच-सहा प्रश्नांसाठी पाच-सहा वेळा शून्यातून सुरुवात. वेळ तिथे जात होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तिच्या नवऱ्याने सुचवला आणि तो अगदीच व्यवहारी होता: थांब. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालंच होतं की ऑगस्ट २०२४ पासून गेम्स नसतील, त्यांच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा आणखी एक विभाग येईल. ज्या विभागात सगळ्यात कमी गुण, तोच जाणार असेल तर त्याच्यावर पाच महिने का घालवायचे? या बदलामागची गोष्ट इथे सांगायला हवी. अंध उमेदवारांचा आक्षेप होता की हे प्रश्न आकृती काढल्याशिवाय सोडवणं फार अवघड, आणि आकृती काढणं त्यांना शक्य नाही. ते प्रकरण न्यायालयात गेलं, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने चार वर्षांत तर्कक्षमता तपासण्याची दुसरी पद्धत शोधण्याचं मान्य केलं. त्यामुळे जून २०२४ची परीक्षा गेम्स असलेली शेवटची.

दुसरा पर्याय, एप्रिलमध्ये देऊन टाकायची आणि वाईट गेली तर जूनमध्ये पुन्हा. तिसरा, फक्त जून, ऑगस्ट हाताशी राखून.

माझं मत नवऱ्याच्या विरुद्ध होतं, आणि त्याचं कारण तिचं वाचन. ती इंग्रजी अचूक वाचते पण सावकाश वाचते. शब्द तोलत वाचण्याची कचेरीतली सवय. ऑगस्टनंतरच्या परीक्षेत गुणांचे तिन्ही विभाग निव्वळ उताऱ्यांचे. तिथे एकेक गुण वर चढायला महिने लागतात. गेम्समध्ये मात्र वाचायचं थोडं, बाकी कागदावर. शिकवणाऱ्यांमध्ये हा विभाग सगळ्यात शिकण्याजोगा मानला जायचा आणि माझाही अनुभव तोच. २३ पैकी ९ वाईट दिसतं, पण माझ्या दृष्टीने तीच तिची सगळ्यात मोठी शिल्लक होती. आहे तिथून दहा गुण वर नेण्यासारखी दुसरी जागा तिच्या पेपरात नव्हती.

ती दोन दिवस विचार करून म्हणाली, "जून. आणि ऑगस्टची फी भरायची वेळ आली तर मी भरेन, त्यांना नाही सांगणार." एप्रिल आम्ही सोडून दिला. त्या निर्णयाविषयी पुढे लिहितो.

काय केलं

सुरुवात पुन्हा त्याच गणेशोत्सवाच्या गेमने. अट एकच: मांडणी करायची नाही. फक्त नियम एकमेकांना जोडायचे.

पोवाडा लावणीच्या आधी, लावणी गोंधळाच्या आधी, गोंधळाला भारूड चिकटलेलं. चार कार्यक्रमांची ही एक साखळी झाली, तिच्या शेपटाला दोन डब्यांचा ठोकळा. आता या ठोकळ्याला सात जागांमध्ये कुठे जागा आहे? त्याच्या आधी निदान दोन कार्यक्रम हवेत, म्हणजे गोंधळ तिसऱ्याच्या आधी नाही. तिसऱ्या जागी गोंधळ ठेवला तर भारूड चौथं, पण चौथी जागा अभंगाची. चौथ्या जागी गोंधळ, तीच अडचण. म्हणजे ठोकळा पाच-सहा किंवा सहा-सात. इथवर ती स्वतः आली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे सहावी जागा कायम यांच्यातल्याच एकाची."

पेन खाली ठेवण्याचा तो क्षण मला अजून आठवतो. सहाव्या जागी कोण हे ठरलेलं नाही. पण तिथे गोंधळ किंवा भारूड सोडून दुसरं कोणी येऊच शकत नाही, हे ठरलेलं आहे. एकही मांडणी न करता मिळालेली ही पक्की माहिती. बँकेच्या कोड्यात तिने अशा अर्ध्या माहितीला कधी किंमत दिली नव्हती.

पुढचं भराभर आलं. गोंधळ जास्तीत जास्त सहावा, म्हणून लावणी जास्तीत जास्त पाचवी. पोवाडा लावणीच्या आधी आणि चौथी जागा अडलेली, म्हणून पोवाडा कायम पहिल्या तिनांत. म्हणजे अभंगाच्या आधी. आधीच्या प्रश्नातला तिसरा पर्याय. तिच्या पहिल्या मांडणीत चार पर्याय खरे दिसत होते, कारण एका मांडणीत खऱ्या असलेल्या पुष्कळ गोष्टी योगायोगाच्या असतात.

मग कीर्तनाच्या नियमावरून दोन चौकटी. कीर्तन सातवं असेल तर ठोकळा पाच-सहातच बसतो आणि पहिल्या तीन जागांत पोवाडा, लावणी, नाट्यगीत, फक्त पोवाडा लावणीच्या आधी: तीन मांडण्या. कीर्तन पहिलं असेल तर ठोकळा पाच-सहा किंवा सहा-सात. पाच-सहा असेल तर पोवाडा दुसरा, लावणी तिसरी आणि नाट्यगीत सातवं, दुसरा मार्ग नाही. सहा-सात असेल तर दोन, तीन आणि पाच या जागांत पोवाडा, लावणी, नाट्यगीत: पुन्हा तीन. एकूण सात मांडण्या. नाट्यगीतावर एकही नियम नाही. अशा कार्यक्रमाला आम्ही 'मोकळा भिडू' म्हणायचो. पण मोकळा भिडूही सहाव्या जागी जाऊ शकत नाही, आणि तो सातव्या जागी गेला की सगळी संध्याकाळ ठरून जाते.

आता अटीचे प्रश्न. लावणी पाचवी असेल तर? गोंधळ सहावा, भारूड सातवं, म्हणून कीर्तन पहिलं. दुसऱ्या-तिसऱ्या जागी पोवाडा आणि नाट्यगीत, कसेही. वीस सेकंद. जो प्रश्न ती आधी शून्यातून सोडवायची तो आता चौकटीत बोट ठेवून सुटत होता.

फेब्रुवारीभर आम्ही घड्याळ लावलं नाही. रोज दोन गेम्स, प्रश्न न बघता, फक्त नियम जोडून जे मिळेल ते लिहायचं आणि पुढे 'का' लिहायचं. 'का' लिहिता आलं नाही तर ती नोंद खोडायची. तिच्या वहीत सुरुवातीला खोडाखोडच जास्त होती. बऱ्याचदा तिने 'लगेच आधी' आणि 'केव्हातरी आधी' यांची गल्लत केलेली असायची.

गट पाडण्याच्या गेम्सनी आम्हाला जास्त छळलं. तिथे नियम 'जर-तर'चे. इथे मराठीचा उपयोग झाला, मला अपेक्षित नव्हता तसा. इंग्रजीतलं 'इफ' आणि 'ओन्ली इफ' ती सतत उलट लावायची. एकदा मी सहज म्हणालो, "मराठीत म्हणून बघ." 'पाऊस पडला तर मी घरी थांबेन' आणि 'पाऊस पडला तरच मी घरी थांबेन', यातला फरक सातारच्या पोरीला शिकवावा लागत नाही. सगळा भार त्या 'च'वर. पहिल्या वाक्यात पावसाशिवायही घरी थांबता येतं. दुसऱ्यात घरी थांबलेली दिसले म्हणजे पाऊस पडला होता हे नक्की. मग तिने नियमच करून टाकला: 'ओन्ली इफ' दिसलं की डोक्यात 'तरच' म्हणायचं, 'अनलेस' दिसलं की 'नसेल तर'. आणि प्रत्येक नियमाखाली त्याचं उलटं-नकारी रूप लिहायचं: 'ज असेल तर न असेलच' याच्याखाली 'न नसेल तर ज नाही'. 'न असेल तर ज असेल' हे मात्र त्यातून निघत नाही. हे वाक्य तिने फ्रिजवर चिकटवलं होतं.

एप्रिलमधला एक गेम सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथे वळलं. एका वकिली कचेरीतल्या सात जणांपैकी (क, ज, त, न, म, र, स) बरोबर चार जण एका खटल्यावर नेमायचे. ज असेल तर त नाही. न असेल तर र नाही. क असेल तर म नाही. ज असेल तर न असेलच.

तिने चारही नियम सुबक लिहिले, उलटी रूपं लिहिली आणि म्हणाली, "यातून पुढे काही निघत नाही, प्रश्नांकडे जाते." आणि स बद्दल, "हा मोकळा भिडू." वर तिने आणखी एक शहाणपणाचं वाक्य टाकलं, जे मीच शिकवलं होतं: "ज असेल तर त नाही, याचा अर्थ दोघांपैकी एक हवाच असा नाही. दोघंही नसतील."

नियम एकटा वाचला तर ते बरोबर होतं. मी एवढंच विचारलं, "चार माणसं कुठून आणणार?"

ती मोजायला लागली. ज-त मधून जास्तीत जास्त एक. न-र मधून जास्तीत जास्त एक. क-म मधून जास्तीत जास्त एक. झाले तीन. चौथा कोण? स. दुसरा मार्गच नाही. म्हणजे ज्याच्यावर एकही नियम नाही तोच एकटा कायमचा नेमलेला. आणि तिन्ही जोड्यांतून एकेक यावाच लागणार, नाहीतर चार भरत नाहीत. 'दोघंही नसतील' ही शक्यता नियमाने उघडी ठेवली होती, आकड्याने बंद केली. मग चौथा नियम: ज आला तर न, म्हणून र नाही, र आला तर न नाही, म्हणून ज नाही, म्हणून त. ज-न, त-न, त-र, या तीन जोड्या आणि प्रत्येकीबरोबर क किंवा म. सहा चमू, बस.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, हे नियमांत नव्हतंच. हे 'चार'मध्ये होतं." त्यानंतर प्रत्येक गेमला सुरुवातीलाच आकडे मोजायची सवय लागली: जागा किती, माणसं किती, कोण किती वेळा.

निर्णयाच्या जागा

मार्चच्या शेवटी घड्याळ लावलं आणि सगळं कोसळलं. तीन गेम्समध्ये सगळी बरोबर, चौथा उघडलाच नाही. कारण सरळ होतं: गणेशोत्सवाच्या गेमवरून ती (आणि मी) शिकलो होतो की सगळ्या मांडण्या लिहून काढल्या की प्रश्न फुकट सुटतात. सात मांडण्या असतील तर हे ठीक. पण एका गेममध्ये मांडण्या चाळिसाच्या पुढे होत्या आणि ती सहा मिनिटं त्या मोजत बसली होती. एक मांडणी पुरत नाही हे शिकताना ती दुसऱ्या टोकाला गेली होती.

थांबायचं कुठे, यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. एखाद्या नियमामुळे चौकटी दोन किंवा तीनच होत असतील आणि प्रत्येक चौकटीत निदान दोन नव्या जागा भरत असतील, तरच चौकटी काढायच्या. नाहीतर साखळी, ठोकळे, आकडे, कोण कुठे येऊ शकत नाही, एवढं लिहून प्रश्नांवर जायचं. या तयारीला तीन मिनिटांची कमाल मर्यादा. अटीच्या प्रश्नासाठी केलेली मांडणी खोडायची नाही, कारण ती नंतरच्या प्रश्नात वापरता येते: 'कोणतं खरं असलंच पाहिजे' या प्रश्नात एखादा पर्याय नियमांत बसणाऱ्या एका जुन्या मांडणीत खोटा ठरला की तो बाद. अशा प्रकारे तिची जुनी सवय, झटकन एक मांडणी करण्याची, परत कामाला आली. आता ती पर्याय मारायला वापरायची. ही गोष्ट मला फार आवडली होती. दोन वर्षांची मेहनत फेकून द्यावी लागली नाही.

दुसरा निर्णय चौथ्या गेमचा. मे मध्ये चारही गेम्स वेळेत होत नव्हते, साडेतीन व्हायचे. तीन गेम्स निर्धास्त करायचे आणि चौथ्याची उत्तरं अंदाजाने ठोकायची (गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरं सोडण्यात अर्थ नाही), की चारही धावत करायचे? मी पहिल्या बाजूचा. ती म्हणाली, "मेन्सला मी असंच ठरवून गेले होते आणि दोन मार्कांनी राहिले." शेवटी मधला मार्ग: सुरुवातीला अर्धा मिनिट देऊन चारही गेम्स बघायचे, सगळ्यात विस्कळीत वाटेल तो शेवटी ठेवायचा आणि त्यातले निदान दोन सोपे प्रश्न घ्यायचे. पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'यातली कोणती मांडणी चालेल' असा असायचा. त्याला काही शोधून काढावं लागायचं नाही, एकेक नियम घेऊन पर्याय मारत जायचं.

निकाल

परीक्षेआधीच्या शेवटच्या तीन सरावपत्रिकांत गेम्सचे गुण १८, २१ आणि १९ आले. जूनची परीक्षा दिल्यावर तिचा निरोप आला: "तीन झाले. चौथ्यात आकडे मोजले आणि दार उघडलं, पण उशिरा." गेम्स कोणते होते ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, परीक्षेचे प्रश्न बाहेर सांगणार नाही असं उमेदवार लिहून देतो.

गुण आले १६१. ध्येय १६० होतं. ऑगस्टची फी भरावी लागली नाही. तिला संध्याकाळच्या वर्गांच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला आणि नोकरी तीच चालू आहे, त्याच कचेरीत.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलची परीक्षा सोडून देणं ही माझी चूक होती असं आता वाटतं. तयारी अर्धवट होती हे खरं, पण खऱ्या परीक्षेचा ताण तिला एकदा अनुभवायला मिळाला असता आणि जूनवर सगळं टांगलं गेलं नसतं. गेम्स असलेली परीक्षा जूननंतर नव्हतीच. त्या दिवशी मुलीला ताप आला असता तर पाच महिन्यांच्या अभ्यासातला मोठा भाग वाया गेला असता. हा धोका मी तिच्यासमोर नीट मांडला नाही. तिने निवड केली, पण अर्ध्या माहितीवर.

घड्याळ उशिरा लावलं. फेब्रुवारीत ते बाजूला ठेवणं बरोबर, पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात आठवड्यातून एक गेम तरी वेळ लावून करायला हवा होता. चाळीस मांडण्या मोजण्याचा रोग तेव्हाच दिसला असता.

माझे पहिले गेम्स मराठीत होते. समज पटकन आली, पण इंग्रजी वाक्यरचनेशी झुंज दीड महिना पुढे ढकलली गेली. 'नो अर्लियर दॅन थर्ड' म्हणजे तिसरं किंवा त्यानंतर. हे ती मे मध्येसुद्धा एकदा 'तिसऱ्याच्या आधी' असं वाचून गेली. एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी असं पहिल्यापासून करायला हवं होतं.

आणि ते नऊ गुण. जानेवारीत मी ते वेगाचं दुखणं समजून दोन आठवडे तिला भराभर गेम्स करायला लावले. जी सवय मोडायची होती तीच मी पक्की करत होतो. कॅमेरा तिच्या कागदावर लावायचं मला तिसऱ्या आठवड्यात सुचलं. आता नवीन विद्यार्थी आला की पहिल्या तासाला उत्तरपत्रिका मागत नाही, कच्चा कागद मागतो.

तिने अलीकडे एक फोटो पाठवला. कराराच्या कायद्याच्या वहीतलं पान: अपवादांचे तीन बाण आणि समासात मराठीत, 'तर की तरच?'